एम्सवर्थचीं कालवें

समुद्रांत कांहींही टाकलें तरी तें तेथेंच जिरतें, ही समजूत किनाऱ्यावरील वस्तीइतकीच जुनी आहे. ती किती महाग पडते हें इंग्लंडांतील एम्सवर्थ गांवास १९०२ सालीं कळून आलें. हॅम्पशायर परगण्याच्या पूर्व सीमेवर, चिचेस्टरच्या खाडीचा एक फांटा जेथें संपतो तेथें हें लहानसें बंदर आहे. कोंकणांत खडकांवरून फोडून काढतात त्याच जातकुळीचीं कालवें हा या गांवाचा जुना व्यापार. समुद्रांतून काढलेलीं कालवें विक्रीपूर्वीं किनाऱ्यालगतच्या उथळ तळ्यांत साठवीत. आणि गांवाचीं गटारेंही त्याच किनाऱ्यावर उघडत.

कालव पाणी गाळून त्यांतील सूक्ष्म कणांवर जगतें. पाण्यांत मैला असला तर विषमज्वराचे जंतूही त्याच्या अंगांत सांचतात. पण त्याचें रूप बदलत नाहीं, चवही नाहीं. खवय्ये तर तीं कच्चींच खात! ओहोटीबरोबर मैलापाणी दूर जाई हें खरें. पण दिवसांतून दोनदां येणारी भरती त्यांतलें पुष्कळसें परत आणी.

१९०२ च्या नोव्हेंबरांत विंचेस्टर व साउदॅम्प्टन या शहरांत नगराध्यक्षांच्या मेजवान्या झाल्या. दोन्हींकडे एम्सवर्थचीं कालवें वाढलीं होतीं. कांहीं दिवसांतच अनेक पाहुण्यांस विषमज्वर झाला आणि विंचेस्टरच्या कॅथीड्रलचे डीन स्टीफन्स डिसेंबरांत मरण पावले. सरकारतर्फे डॉ. बुलस्ट्रोड यांनीं चौकशी केली व माग थेट या तळ्यांपर्यंत पोंचला. मागणी बंद पडली, कोळी घरीं बसले. गांवाच्या आरोग्यासाठीं बांधलेल्या गटारांनींच गांवाची भाकरी हिरावली.

गांवांतील प्रमुख कालव-व्यापारी फॉस्टर यानें वॉरब्लिंग्टनच्या नगरसभेवर फिर्याद केली. किनाऱ्याच्या जमिनीवर त्याला मालकी सिद्ध करतां येईना. परंतु १९०६ सालीं अपील कोर्टानें ठरविलें कीं, तळीं प्रत्यक्ष त्याच्या ताब्यांत व वहिवाटींत आहेत, तेवढ्यावर त्याला दाद मागतां येते. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला आजही आढळतो. व्यापार मात्र पूर्वपदावर आला नाहीं.

सांडपाण्यासाठीं १८९८ सालीं नेमलेल्या रॉयल कमिशननें १९०४ च्या अहवालांत भरतीच्या पाण्याचा व कालवांचा विचार केला. पुढें १९१२ सालीं त्यानें मापही घालून दिलें: लाख भाग पाण्यांत तरंगता गाळ ३ भागांहून अधिक नसावा आणि तें पाणी पांच दिवसांत शोषील तो प्राणवायु २ भागांहून अधिक नसावा. माप चांगलें, पण तें नद्यांसाठीं होतें, आणि जंतूंविषयीं त्यांत एक अक्षर नव्हतें. नितळ दिसणारें पाणीही विषमज्वर वाहून नेऊं शकतें, ही एम्सवर्थची खरी अडचण त्या मापांत सांपडलीच नाहीं. १९१४ सालीं मँचेस्टरच्या आर्डर्न व लॉकेट यांनीं मैलापाण्यांत हवा खेळवून, खालीं बसलेला सजीव गाळ पुनःपुन्हा वापरण्याची रीत जाहीर केली. ती जगभर पसरली.

तरीही जुन्या गांवांत पावसाचें पाणी व मैला एकाच नळांतून वाहतो. मुसळधार पावसांत टाक्या भरल्या म्हणजे जादा पाणी समुद्रांत सोडण्याची परवानगी असते, आणि परवानगीच्या मर्यादा कोणी पाळतोच असें नाहीं. केंट, हॅम्पशायर व ससेक्सच्या किनाऱ्यांवर २०१० ते २०१५ या काळांत बेकायदा सांडपाणी सोडल्याबद्दल सदर्न वॉटर कंपनीला २०२१ च्या जुलैंत ९ कोटि पौंड दंड झाला. ज्या खाड्यांच्या पाण्याचा त्यांत प्रश्न होता, त्यांत चिचेस्टरची खाडीही होती.