हॅम्पर

हॅम्पर : एक इंग्रजी शब्द. नाम म्हणून अर्थ झाकणाची मोठी टोपली, पेटारा. क्रियापद म्हणून अर्थ अडथळा आणणे, हालचालीला अटकाव करणे. लेखन आणि उच्चार दोन्हीकडे एकच असले, तरी इंग्रजी कोशांत हे दोन वेगळे शब्द म्हणून येतात. टोपलीचे कूळ पक्के सापडते, अडथळ्याचे सापडत नाही.

नामाची सुरुवात टोपलीतून नव्हे, पेल्यातून होते. जुन्या फ्रेंचमध्ये ‘हानाप’ म्हणजे उभा पेला. हा शब्द मुळात जर्मानिक. आजच्या जर्मनमधला ‘नाप्फ’ (वाडगा) त्याचाच भाऊबंद. असे किमती पेले ठेवण्याची पेटी ती ‘हानापिये’. नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर हा शब्द इंग्लंडात आला आणि ‘हॅनापर’ झाला. पुढे मधला स्वर गळाला, ‘न’ थेट ‘प’ला येऊन भिडला आणि ‘म’ झाला. आपण ‘चंपा’तल्या अनुस्वाराचा उच्चार नकळत ‘म्’ करतो, तीच ही प्रक्रिया. पेले केव्हाच मागे पडले आणि मोठ्या टोपलीला ‘हॅम्पर’ हे नाव राहिले.

जुने रूप टिकले ते सरकारी दप्तरात. इंग्लंडच्या चॅन्सरी न्यायालयात प्रजाजनांच्या कामकाजाची आज्ञापत्रे टोपलीत ठेवत आणि राजसत्तेशी संबंधित कागद छोट्या पिशवीत. त्यावरून दोन कचेऱ्यांना नावे पडली, ‘हॅनापर’ आणि ‘पेटी बॅग’. सनदांवर मोहोर उमटवण्याचे शुल्क हॅनापरमध्ये जमा होई आणि त्याचा हिशेब ‘क्लार्क ऑफ द हॅनापर’ ठेवी. पदनाम कारकुनाचे असले तरी मान मोठा होता.

आयर्लंडमध्ये या पदाची अखेर चमत्कारिक झाली. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्या 1800च्या एकीकरण कायद्याने आयरिश उमरावांना ब्रिटिश हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये 28 प्रतिनिधी निवडून देण्याचा हक्क मिळाला होता आणि निवडणुकीची यंत्रणा आयर्लंडचे लॉर्ड चॅन्सलर व तिथला ‘क्लार्क ऑफ द क्राउन अँड हॅनापर’ यांच्या हाती होती. 1922 मध्ये आयरिश फ्री स्टेट झाले आणि ही यंत्रणा मोडली. हक्क कोणी काढून घेतला नाही, पण निवडणूक घेणारेच उरले नाहीत. जुने प्रतिनिधी मरेपर्यंत सभागृहात बसले. त्यांतले शेवटचे, किलमोरीचे अर्ल, 1961 मध्ये वारले. काही आयरिश उमरावांनी पुढे याचिका केली. आयर्लंड हा एक राजकीय घटकच राहिला नसल्याने त्याचे प्रतिनिधित्वही उरत नाही, अशा विचाराने 1966 मध्ये ती फेटाळली गेली. टोपलीच्या नावाचे पद गेले आणि अडथळा उभा राहिला! शब्दाचे दोन्ही अर्थ इतके जवळ फार थोड्या ठिकाणी आले असतील.

क्रियापद चौदाव्या शतकापासून आढळते. सुरुवातीचे अर्थ वेढणे, जखडणे, कोंडणे असे आहेत. कोंडणे म्हणजे टोपलीत घालणे, असा धागा जोडायचा मोह होतो आणि काही अभ्यासकांनी ती शक्यता मांडलीही आहे. लंगडे करणे या अर्थाच्या एका जुन्या इंग्रजी धातूकडेही बोट दाखवले जाते. निर्णायक पुरावा कशालाच नाही. तेव्हा कोशांनी नोंदी वेगळ्या ठेवल्या हे योग्यच.

खलाशांच्या भाषेत क्रियापदाच्या अर्थातून नवे नाम निघाले. डेकच्या वरचा डोलकाठ्या, परबाणे, शिडे, दोरखंड असा सारा पसारा म्हणजे ‘टॉप हॅम्पर’. तो नसेल तर शिडाचे जहाज चालत नाही आणि वादळात तोच जड होऊन जहाज कलंडवतो; म्हणून वारा वाढला की वरच्या काठ्या खाली उतरवत. नको असताना आड येणारी, पण टाकूनही देता न येणारी वस्तू, हा अर्थ एरवीच्या इंग्रजीत एका शब्दात सहसा सापडत नाही.

टोपलीचा हॅम्पर प्रामुख्याने विलोच्या फोकांचा असतो. क्रिकेटच्या बॅटचे झाड याच वंशातले. इंग्लंडात सॉमरसेटच्या पाणथळ सखल भागात ही लागवड आजही होते. साल काढलेला फोक पांढरा राहतो, सालीसकट उकळून मग सोललेला तांबूस होतो. लंडनच्या पिकॅडिलीतील ‘फोर्टनम अँड मेसन’ (स्थापना 1707) या दुकानाने प्रवासाला व सहलीला नेण्याचे खाद्यपदार्थांचे हॅम्पर प्रतिष्ठेचे केले. एप्सम डर्बी या घोड्यांच्या शर्यतीच्या दिवशी गवतावर असे पेटारे उघडत. मैदान तेच, पण शर्यतीच्या निकालपत्रात वाट अडलेल्या घोड्यापुढे ‘हॅम्पर्ड’ असा शेरा!

नाताळचा हॅम्पर श्रीमंतांपुरता राहिला नाही. कष्टकरी कुटुंबे वर्षभर भिशीसारखे थोडे थोडे पैसे भरून डिसेंबरात तो घेत. यातली ‘फेअरपॅक’ ही ब्रिटिश कंपनी ऑक्टोबर 2006 मध्ये, ऐन सणाच्या तोंडावर बुडाली आणि हजारो घरांची पुंजी अडकली. अमेरिकेत मात्र हॅम्पर म्हणजे मळक्या कपड्यांची झाकणाची टोपली. तिथे दिवाळीची भेट म्हणून नुसते ‘हॅम्पर’ म्हटले तर ऐकणारा बुचकळ्यात पडेल.

मराठीत दोन्ही शब्द आले, वेगवेगळ्या दारांनी. नाम जाहिरातींतून आणि बक्षीस समारंभांतून आले. दिवाळीचा ‘गिफ्ट हॅम्पर’ बहुधा पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा सेलोफेन गुंडाळलेल्या ट्रेमध्ये येतो. टोपली असलीच तर शोभेपुरती. करंडी, हारा, दुरडी, पाटी, परडी असे आकार आणि कामाप्रमाणे नेमके शब्द असलेल्या भाषेला टोपलीसाठी हा शब्द नको होता. तो आला भेटीसाठी. क्रियापद शहरी बोलण्यातून आले आणि येताना त्याने कर्ता गाळला. इंग्रजीत कोणी तरी कशाला तरी हॅम्पर करतो. मराठीत ‘पावसामुळे काम हॅम्पर झालं’, ‘मोबाइलमुळे अभ्यास हॅम्पर होतोय’ असेच ऐकू येते. ‘त्याने माझे काम हॅम्पर केले’ हे क्वचित.