सांडपाण्यातून विषाणू कसे शोधतात? आणि उमरठसारख्या गावात ते का जमत नाही?

एखाद्या वस्तीत पोलिओचा विषाणू फिरतोय का, हे कळण्यासाठी मूल लुळं पडेपर्यंत थांबण्याची गरज नसते. गटाराचं पाणी तपासूनही ते समजतं. भारतात हे काम २००१ मध्ये मुंबईत सुरू झालं.

पोलिओचा विषाणू आतड्यात वाढतो आणि शौचावाटे कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. लागण झालेल्या साधारण २०० जणांपैकी एकालाच कायमचा लुळेपणा येतो. बाकीच्यांना थोडा ताप येतो किंवा काहीच होत नाही, त्यामुळे ते दवाखान्याच्या नोंदीत दिसत नाहीत. सांडपाण्यात मात्र सगळ्यांचाच वाटा असतो.

नमुना कसा तपासतात?

ठरलेल्या ठिकाणाहून साधारण एक लिटर सांडपाणी घेऊन ते बर्फात ठेवून प्रयोगशाळेत नेतात. मुंबईत हे काम परळच्या हाफकिन संस्थेच्या आवारातल्या एंटेरोव्हायरस रिसर्च सेंटरमध्ये उभं राहिलं. पाण्यातला विषाणू आधी घट्ट करून थोड्याशा द्रावणात आणतात, मग तो जिवंत पेशींवर वाढवतात. त्यातली एल२०बी ही पेशी मुळात उंदराची. पोलिओचा विषाणू आत शिरावा म्हणून तिच्यात माणसाचं जनुक घातलेलं असतं.

खरी किचकट पायरी पुढे येते. तोंडावाटे डोस घेतलेल्या मुलांच्या शौचातून लसीतला कमजोर विषाणूही गटारात येतो. तो निरुपद्रवी आहे, मूळचा 'रानटी' आहे की लसीतलाच बदलत जाऊन पुन्हा घातक होऊ लागलाय, हे त्याची जनुकीय रचना वाचूनच ठरतं. मुंबईच्या सांडपाण्यात रानटी विषाणू शेवटचा सापडला नोव्हेंबर २०१० मध्ये. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालच्या हावड्यात आढळला. पुढे २०१६ मध्ये हैदराबादच्या सांडपाण्यात लसीपासून बदललेला विषाणू मिळाला, तेव्हा एकही मूल आजारी नसताना तिथे इंजेक्शनच्या लसीची मोहीम घेण्यात आली. कोरोनाकाळात पुण्यातही सांडपाण्याची अशी तपासणी झाली.

मग उमरठचं काय?

ही पद्धत चालते ती गटारांच्या जाळ्यावर. तानाजी मालुसरे यांचं गाव म्हणून ओळखलं जाणारं पोलादपूर तालुक्यातलं उमरठ, किंवा महाडच्या डोंगरातल्या वाड्या, इथे सांडपाणी एका जागी येत नाही. ते घरोघरच्या सेप्टिक टँकमध्ये नाहीतर शोषखड्ड्यात जिरतं. नमुना घेणार कुठून? शिवाय गणपतीला, शिमग्याला मुंबईहून चाकरमानी गावी येतात, म्हणजे मुंबईच्या गटारात जे दिसतं ते इथेही पोहोचू शकतं.

इथे आधार जुन्याच पद्धतीचा आहे. १५ वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर कारण काहीही वाटत असलं तरी ते आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवायचं. अशा मुलाच्या शौचाचे दोन नमुने किमान २४ तासांच्या अंतराने आणि १४ दिवसांच्या आत घ्यावे लागतात. उशीर झाला तर विषाणू असूनही हाती लागत नाही.