मांजराच्या मातीची कुळकथा

आमच्या घरात दिवसाची सुरुवात एका झाऱ्याने होते. चहाचं आधण चढवायच्या आधी बाल्कनीच्या कोपऱ्यातल्या पसरट ट्रेपाशी उकिडवं बसायचं, जाळीदार झाऱ्याने माती चाळायची, रात्रीतून घट्ट झालेले गोळे वेचून कागदात गुंडाळायचे आणि वरून दोन मुठी नवी माती पसरायची. आमची मांजर भुरी हे सगळं दारात बसून बघत असते. माझी आई पहिल्यांदा राहायला आली तेव्हा तिने पिशवीवरची किंमत वाचली आणि विचारलं, "माती विकत आणतेस?"

आईचं बालपण मराठवाड्यातल्या काळ्या मातीत गेलं. तिच्या माहेरीही मांजरं होती. ती घरची होती, पण घरात कोंडलेली नव्हती. दूध प्यायला चुलीपाशी, उंदरांसाठी कणगीपाशी आणि बाकी सगळ्यासाठी परसात. कुठे गेली, काय केलं हे कुणी पाहिलं नाही, पाहायची गरजही पडली नाही. पावसाळ्यात एखादं पिल्लू घरातच राहिलं तर आजी फुटक्या घमेल्यात चुलीतली राख भरून कोपऱ्यात ठेवायची. राख फुकट होती आणि वास धरून ठेवायची. मग गॅस आला, राख गेली. वाडे पडले, परस गेलं. मांजर मात्र चौथ्या मजल्यापर्यंत आपल्या मागे आलं. बांधकामावरच्या वाळूच्या ढिगात पंजे घालणारी मांजरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. बंद दाराआडच्या मांजराच्या नशिबात तो ढीग नाही. तिथे मातीलाच घरात यावं लागतं.

माती उकरून झाकण्याची मांजराची सवय आपण शिकवलेली नाही. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवलं की जगभरातली पाळीव मांजरं पश्चिम आशियातल्या रानमांजरांपासून आली. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाच्या शेजारी मांजर पुरलेलं सापडलं आहे. हा पूर्वज कोरड्या मुलखातला. पाणी दुर्मीळ, म्हणून त्याची मूत्रपिंडं थेंब न् थेंब राखणारी आणि लघवी अतिशय दाट. त्यात युरिया भरपूर, शिवाय फेलिनीन नावाचं मांजरकुळाचं खास द्रव्य. जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात, फेलिनीनचे तुकडे होऊन गंधकाचा उग्र दर्प सुटतो आणि खोलीत डोळे चुरचुरतात. एवढा बोलका वास मोठ्या शिकाऱ्याला आपला पत्ता सांगणार, म्हणून भुसभुशीत जागा शोधायची, खड्डा करायचा, काम उरकलं की झाकायचं. आमची भुरी पुण्यातल्या फ्लॅटमध्ये जन्मली. तिने वाळवंट पाहिलेलं नाही, पण पंजा तेच करतो.

युरोप-अमेरिकेतही फार काळ व्यवस्था आजीसारखीच होती. मांजराला रात्री बाहेर सोडायचं, नाहीतर खोक्यात वाळू, राख किंवा फाडलेली वर्तमानपत्रं घालायची. वाळू ओल शोषत नाही, ओल तळाशी साठते आणि दोन दिवसांत घर दरवळतं. राख शोषते, पण पंजांना चिकटून घरभर पावलं उमटवते.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या कॅसोपोलिस गावी 1947 च्या जानेवारीत हीच अडचण एका बाईंना आली. के ड्रेपर त्यांचं नाव. त्या खोक्यात वाळू वापरत. कडाक्याच्या थंडीत वाळूचा ढीग गोठून दगड झाला, मग त्यांनी राख वापरून पाहिली, तर घरभर काळे पंजे. त्या शेजारच्या एड लो याच्याकडे वाळू मागायला गेल्या. लो विशीतला, युद्धाच्या काळात नौदलात होता, परत येऊन वडिलांच्या धंद्यात लागलेला. बर्फ, कोळसा आणि लाकडाचा भुसा विकणं हा त्यांचा व्यवसाय. कारखान्यांच्या जमिनीवर सांडलेलं तेल टिपायला भुसा लागे, पण भुसा पेट घेतो. म्हणून त्याच कामासाठी लोच्या गाडीत भट्टीत वाळवलेल्या मातीचे दाणे आलेले होते. वाळूऐवजी हे नेऊन बघा, असं तो म्हणाला. काही दिवसांनी बाई परत आल्या. त्यांना आता दुसरं काही नकोच होतं.

लोने दहा पिशव्यांमध्ये प्रत्येकी पाच पौंड माती भरली, वर हाताने ‘किटी लिटर’ असं लिहिलं आणि गावातल्या प्राण्यांच्या दुकानात नेली. किंमत 65 सेंट. वाळू एका सेंटला पौंडभर मिळत असताना मातीला एवढे पैसे कोण देणार, असं दुकानदार म्हणाला. म्हणजे माझ्या आईचाच प्रश्न! लोने सांगितलं, मग फुकट वाटा. फुकट नेलेले लोक परत आले ते पैसे घेऊन. पुढे लो आपल्या जुन्या शेवरलेटमध्ये पोती भरून गावोगाव फिरला, मांजरांच्या प्रदर्शनांत जाऊन तिथली खोकी साफ करून देण्याच्या बदल्यात आपल्या मातीसाठी जागा मिळवली. 1964 साली त्याने ‘टायडी कॅट’ हे नाव बाजारात आणलं. 1990 साली धंदा विकला तेव्हा त्याचे सुमारे 20 कोटी डॉलर आले.

‘लिटर’ या शब्दाचं मूळही सांगायला हवं, कारण आपल्याकडे तो दुधाच्या मापासारखाच ऐकू येतो. मापाच्या लिटरशी त्याचा काही संबंध नाही. लॅटिनमध्ये ‘लेक्तुस’ म्हणजे बिछाना. त्यातून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला हा शब्द गुरांखाली पसरायच्या गवताकाडाला, म्हणजे आपण गोठ्यात पाचोळा अंथरतो त्याला, वापरू लागले. ते काड इकडेतिकडे विखुरतं म्हणून पुढे कचऱ्यालाही तेच नाव पडलं. लोने नाव लिहिताना हा उलगडा मनात धरला असेल असं नाही. पण मला हे मूळ आवडतं. मांजराच्या विधीसाठी वापरलेल्या शब्दाच्या तळाशी अंथरूण निघावं, यात जनावराची काळजी घेणाऱ्या जुन्या माणसांचा हात दिसतो.

आता ती माती. लोच्या गाडीतल्या मातीचं इंग्रजी नाव ‘फुलर्स अर्थ’. मराठी घरात तिला मुलतानी माती म्हणतात. चेहऱ्यावरचं तेल ओढून घ्यायला आपण जो लेप लावतो, त्याच जातीची. ‘फुलर’ म्हणजे लोकरीचं नवं कापड तुडवून, धुऊन, घट्ट करून देणारा कारागीर. मेंढीच्या लोकरीत चरबी असते, ती ही माती ओढून घेते. प्राचीन रोममध्ये या कारागिरांच्या मोठ्या कर्मशाळा होत्या. पॉम्पेईत त्या उत्खननात सापडल्या आहेत, आणि कुंडात उभं राहून पायांनी कापड तुडवणाऱ्या माणसांची भित्तिचित्रंही. कुंडात मातीबरोबर आणखी एक गोष्ट असे: साठवून आंबवलेली लघवी. आंबल्यावर तिच्यात अमोनिया तयार होतो आणि तो मळ कापतो. व्हेस्पाशियन बादशहाने या लघवीवर कर बसवला होता, एवढी तिला मागणी होती. रोमन परटाच्या कुंडात माती आणि अमोनिया एकत्र आले ते कापड उजळण्यासाठी. ड्रेपरबाईंच्या खोक्यात ते दोघे पुन्हा भेटले, आणि या खेपेला मातीचं काम अमोनियाला अडवून धरण्याचं होतं.

माती हे कसं करते? तिचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे किंवा तंतूंचे असतात, त्यामुळे चिमूटभर मातीतही प्रचंड पृष्ठभाग दडलेला असतो. त्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. पाणी आत शिरतं आणि अडकतं, आणि अमोनियाचे धन भार असलेले कण त्याला चिकटतात. भट्टीत वाळवलेल्या दाण्यांची खुबी अशी की ओलं झालं तरी त्यांचा चिखल होत नाही. आजीच्या राखेला आणि ड्रेपरबाईंच्या वाळूला हे साधलं नव्हतं.

पण लोच्या मातीत एक उणीव होती. ओल दाण्यादाण्यांत पसरायची, त्यामुळे काही दिवसांनी सगळाच ट्रे बदलावा लागे. हा पेच 1984 च्या सुमारास थॉमस नेल्सन या जीवरसायनतज्ज्ञाने सोडवला. ते स्वतः पर्शियन मांजरं पाळत. त्यांनी बेंटोनाइट ही माती घेतली. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या फोर्ट बेंटनवरून तिला हे नाव पडलं आहे. प्राचीन ज्वालामुखींची राख समुद्रात पडून तिची ही माती झाली. तिच्यातलं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. पापुद्र्यांमध्ये सोडियम असलं की पाणी मिळताच ते दूर सरकतात आणि माती मूळच्या कितीतरी पट, पंधरा पटींपर्यंतही, फुगते. जिथे लघवी पडली तेवढाच भाग चिकट होऊन गोळा बनतो, बाकीची माती कोरडी राहते. झाऱ्याचा जन्म इथला.

आणि माझ्या मते या कुळातला सर्वात मोलाचा वंशज तो गोळाच आहे. परसात जाणाऱ्या मांजराचं आतलं दुखणं कुणाला कळत नसे. मांजर दुखणं लपवतं, तेही रानातलीच सवय. गोळे होऊ लागल्यापासून त्याच्या प्रकृतीची रोज सकाळी नोंद मिळते. धडधाकट मांजर दिवसातून साधारण दोन ते चार वेळा लघवी करतं. गोळे अचानक मोठे आणि जास्त झाले तर मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असू शकतो. पुष्कळ छोटे छोटे गोळे दिसले तर मूत्राशयाला सूज. आणि गोळा नसेलच, तर घड्याळाकडे बघायचं.

भुरीच्या आधी आमच्याकडे एक बोका होता. एका सकाळी मी झारा फिरवला, तर माती जशीच्या तशी. तो मात्र तासाभरात चार वेळा ट्रेमध्ये जाऊन बसला, जोर लावला, ओरडला. मला बद्धकोष्ठ वाटलं. शेजारच्या मुलीने, तिच्याकडे तीन बोके, बघताक्षणी सांगितलं, "मावशी, आत्ताच्या आत्ता डॉक्टर." बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते, खड्यांनी किंवा चिकट गाळाने ती बुजते. पूर्ण बुजली तर रक्तातलं पोटॅशियम वाढून दोन-तीन दिवसांत जीव जातो. आम्ही वेळेत पोचलो. नळी घालून मूत्राशय मोकळं केलं, तीन दिवस सलाइन लावलं. तो त्यानंतर सहा वर्षं जगला. त्या सकाळी मी झारा न फिरवता नुसती वरून माती भुरभुरवली असती तर काय झालं असतं, हा विचार आजही ट्रेपाशी बसताना येतो.

आणखी एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे, कारण तिच्यापायी दरवर्षी कितीतरी मांजरं घराबाहेर काढली जातात. सून गरोदर राहिली की घरात कुणीतरी म्हणतंच, मांजर देऊन टाका. भीती टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची आहे आणि ती खोटी नाही. पहिल्यांदा लागण झाली तर तो गर्भाला अपाय करू शकतो. पण मांजराच्या विष्ठेतून पडलेली त्याची अंडकोशिका लगेच संसर्गजन्य नसते. तिला पिकायला एक ते पाच दिवस लागतात. ट्रे रोज उपसला तर ती वेळच मिळत नाही. शिवाय मांजर आयुष्यात बहुधा एकदाच, पहिल्या लागणीच्या वेळी, एक ते तीन आठवडे अंडकोशिका टाकतं. गरोदर बाईने ट्रे दुसऱ्याकडे सोपवावा, कच्चंअर्धकच्चं मांस टाळावं, भाज्या नीट धुवाव्यात, बागकाम करून हात धुवावेत. मांजर तिच्या उशाशी खुशाल झोपू दे.

या मातीचं ओझंही आहे. ती जमीन खरवडून काढावी लागते, वापरून कचऱ्यात जाते आणि तिथे कुजत नाही. संडासात टाकली तर नळात फुगून बसते. पिल्लं ती तोंडात घालतात, म्हणून अगदी लहान पिल्लांना गोळे होणारी माती देऊ नये. अलीकडे सोयाबीनच्या चोथ्याची, लाकडी भुशाच्या गोळ्यांची लिटर मिळते. मीही वापरून पाहिली. भुरीने दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी कुंडीतल्या तुळशीपाशी खड्डा केला. सुगंधी मातीलाही ती नाक मुरडते. तो सुगंध माणसासाठी असतो. तिचं नाक आपल्यापेक्षा फार तल्लख आहे.

आईच्या प्रश्नाचं उत्तर मला पिशवीच्या मागच्या बाजूला सापडलं. बेंटोनाइट, कच्छ, गुजरात. कच्छचं बेंटोनाइट दख्खनच्या लाव्हापासून झालेलं आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला तोच लाव्हा ज्याने सह्याद्री रचला, आणि ज्याचा कातळ झिजून मराठवाड्याची काळी माती झाली. पावसात फुगणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी ती जमीन याच खनिजकुळातल्या मातीमुळे तशी वागते. आईला हे सांगितलं तेव्हा तिने पिशवीत हात घातला, चिमूटभर माती बोटांत चोळली, थेंबभर पाणी टाकून पुन्हा चोळली.

"आपल्या रानासारखीच चिकटते गं," म्हणाली.

मग तिनेच पिशवी उचलून ट्रेमध्ये ओतली. आवाज ऐकून भुरी आली, काठावर पुढचे पाय ठेवून वास घेतला, आत उतरली आणि खड्डा करू लागली.