अठरा ट्रक कसे सापडले?

आपल्या गटांकडे आता विजेवरच्या गाड्यांसाठी कर्जाचे अर्ज येऊ लागले आहेत. कुणाला दूध पोचवायला स्कूटर हवी, कुणाला भाजीसाठी तीनचाकी टेम्पो. म्हणून आज गाडी परत बोलावण्याचा, म्हणजे ‘रिकॉल’चा, इतिहास सांगते.

गाडी बनवतानाच दोष राहिला, तर कंपनीने विकलेल्या गाड्या परत बोलावून दुरुस्त करून द्यायच्या, याला रिकॉल म्हणतात. अमेरिकेत १९६५ साली राल्फ नेडर या वकिलाने मोटार कंपन्यांच्या निष्काळजीपणावर पुस्तक लिहिले. फार गाजले ते. १९६६ मध्ये तिथे वाहन सुरक्षेचा कायदा झाला. दोष सापडला की मालकाला कळवणे कंपनीवर बंधनकारक झाले. पण दुरुस्ती फुकट करून द्यायची, हे कायद्यात यायला १९७४ साल उजाडले.

पुढे विजेचे ट्रक आले आणि त्यांनाही हाच कायदा लागू झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये मिशिगन राज्यातल्या डिअरबॉर्न गावी फोर्ड कंपनीच्या आवारात एक लाइटनिंग ट्रक चार्जिंगला लावला होता. मागे उघडा हौदा असलेला हा छोटा ट्रक. त्याची बॅटरी पेटली आणि शेजारचे दोन ट्रकही जळाले. कुणाला इजा झाली नाही. कंपनीने उत्पादन थांबवले. दोष बॅटरीतल्या सेलमध्ये निघाला. आतल्या आत शॉर्टसर्किट होण्याचा धोका होता. कोणते सेल कधी बनले आणि कोणत्या ट्रकमध्ये बसले, याची नोंद होती. म्हणून बाहेर गेलेले नेमके अठरा ट्रक शोधून परत बोलावता आले.

त्याच वर्षी जूनमध्ये ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात निकोला कंपनीचे मोठे ट्रक पेटले. कुणीतरी मुद्दाम आग लावली असावी, असा कंपनीला आधी संशय होता. तपासात निघाले वेगळेच. बॅटरी थंड ठेवणारे द्रव आतच गळत होते. ऑगस्टमध्ये २०९ ट्रकांचा रिकॉल जाहीर झाला.

आपल्याकडे २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली ओलाची विजेची स्कूटर पेटली. एप्रिलमध्ये ओलाने १,४४१ आणि ओकिनावाने ३,२१५ स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या.

आता आपल्या कामाचे. निरोप जातो तो कागदावर ज्याचे नाव आणि फोन नंबर असेल त्याला. गाडी चालवणार ताई आणि कागद भावोजींच्या नावावर, असे असेल तर ताईला कळणार कसे? शिवाय २५० वॅटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या स्कूटरला आरटीओची नोंदणी लागत नाही. तिथे दुकानदाराचे पक्के बिल हाच पुरावा.

तेव्हा कर्ज मंजूर करताना बिल, चासी नंबर आणि बॅटरीचा नंबर गटाच्या वहीत उतरवून घ्या. फोन नंबर बदलला तर दुकानात कळवा. आपल्याला वहीची सवय आहेच. त्यात ही एक ओळ वाढवू या.