राडारोडा आणि दूषित माती : बांधकामासाठी पुनर्वापर

पाडलेल्या इमारतींचा राडारोडा आणि जुने कारखाने, गॅसनिर्मिती केंद्रे, तेलाचे साठे यांच्या तळाशी विषारी झालेली माती यांवर प्रक्रिया करून त्यांतून खडी, वाळू, भरणी, ठोकळे असे साहित्य पुन्हा मिळवण्याचा उद्योग. दोन्ही पदार्थ पुष्कळदा एकाच आवारातून निघतात, पण त्यांचे दुखणे निराळे. राडारोड्याची अडचण त्याच्या ढिगाची आणि सरमिसळीची. मातीची अडचण तिच्यात मुरलेल्या विषाची. साहित्य किती निघाले हे सांगण्याआधी विष कुठे गेले हे सांगता यावे, ही या उद्योगाची खरी कसोटी.

हा धडा युरोपला नेदरलँड्समधल्या लेकरकेर्क गावाने दिला. तिथल्या नव्या वसाहतीची घरे रासायनिक कचऱ्याने बुजवलेल्या जागेवर उभी होती. १९८० मध्ये सुमारे ३०० कुटुंबांना घरे सोडावी लागली आणि जमीन उकरल्यावर दीड हजारांहून अधिक पिंपे बाहेर आली. १९८३ पासून मृदाशुद्धीचा कायदा लागू झाला. दगडाची वानवा असलेल्या त्या सखल देशाला दूषित माती टाकायला जागा नव्हती आणि भरणीला वाळू तर रोजच हवी होती. माती धुण्याचे तंत्र तिथे रुजले ते या दुहेरी निकडीतून.

या तंत्राचा पाया साधा आहे. जड धातू आणि तेलकट संयुगे मुख्यतः मातीच्या अतिसूक्ष्म, म्हणजे साधारण ०.०६३ मिलिमीटरहून बारीक कणांना चिकटतात. म्हणून खोदलेली माती चाळतात, चुंबकाने लोखंड वेगळे करतात आणि पाण्यात कणांवर कण घासून चिकटलेला लेप सुटा करतात. पुढे शंकूच्या आकाराच्या यंत्रात पाण्याचा भोवरा फिरतो. हलका गाळ वरून निघून जातो, जड वाळू खालून बाहेर पडते. तपासणीत उतरलेली वाळू-खडी काँक्रीटला किंवा रस्त्याच्या थराला चालते. गाळ दाबून, पाणी काढून त्याच्या लाद्या करतात. विष नष्ट झालेले नसते, ते या लाद्यांत एकवटलेले असते आणि त्यांची पुढची विल्हेवाट हा सगळ्या साखळीतला सर्वांत महाग, म्हणूनच सर्वांत लपवला जाण्याजोगा भाग.

वाळूच कमी असेल तर धुणे परवडत नाही. दख्खनच्या काळ्या चिकणमातीला हा उपाय फारसा लागू पडणार नाही. तेलाने माखलेली माती तापवून प्रदूषक वाफेच्या रूपात काढता येते किंवा जिवाणूंच्या हवाली करता येते. शिसे, आर्सेनिक यांसारख्यांना सिमेंट वा चुन्यात जखडून ठेवतात.

मोठ्या प्रमाणावरचे उदाहरण लंडनचे. २०१२ च्या ऑलिंपिकसाठी लोअर ली खोऱ्यातली जुनी औद्योगिक जमीन घेतली, तेव्हा तिच्यात तेल, डांबर, शिसे, आर्सेनिक, सायनाइड असे सारे सापडले. २०० हून अधिक इमारती पाडल्या गेल्या, २० लाख घनमीटरांहून जास्त माती उकरली गेली. जागेवरच उभारलेल्या ‘माती-रुग्णालयां’त तिच्यावर उपचार झाले आणि ८० टक्क्यांहून अधिक माती त्याच उद्यानात परत वापरली गेली.

राडारोड्याचा अनुभव जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनीत सुमारे ४० कोटी घनमीटर मलबा पडला होता. फ्रँकफुर्टने १९४५ मध्येच त्याच्या उपयोगासाठी कंपनी काढली आणि १९५१ मध्ये विटांच्या चुऱ्याच्या काँक्रीटसाठी राष्ट्रीय मानक आले.

उलट दाखला अमेरिकेतला. कोलोरॅडोतल्या ग्रँड जंक्शन शहरात युरेनियम गिरणीची उरलेली वाळू फुकट भरणी म्हणून हजारो घरांखाली गेली. ती किरणोत्सारी होती. पुढे सरकारी खर्चाने पाये उकरून ती काढावी लागली. तिथे पुनर्वापर झाला होता, तपासणी झाली नव्हती.

भारतात दिल्लीच्या बुराडीत २००९ मध्ये देशातला पहिला राडारोडा प्रकल्प सुरू झाला. २०१६ मध्ये पाडकाम-कचऱ्याचे स्वतंत्र नियम आले. त्याच वर्षीच्या आयएस ३८३ मानकाने जुन्या काँक्रीटपासून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, तर एम २५ या प्रतीपर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत मान्य केली. मुंबई महापालिकेने दहिसर आणि ठाण्याजवळच्या डायघर येथे रोज प्रत्येकी ६०० टन क्षमतेचे प्रकल्प उभारले. तरीही खाडीकाठच्या खारफुटीवर रात्री डंपर रिकामे होणे थांबलेले नाही. दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम देशाला मिळाले ते थेट २०२५ मध्ये.

यंत्रांपेक्षा पाडकामाची शिस्त निर्णायक ठरते. जिप्समचा गिलावा काँक्रीटच्या ढिगात मिसळला की त्यातले सल्फेट नव्या बांधकामाला पोखरते. ॲस्बेस्टॉसचा पत्रा चुरला गेला की सारा ढीग धोकादायक होतो. मुंबई-पुण्यात पुनर्विकासाला निघालेल्या प्रत्येक सोसायटीने म्हणूनच विकासकाशी करार करताना दोन कलमे आग्रहाने घालावीत : पाडकाम वर्गवारीने व्हावे आणि प्रत्येक गाडी कुठे रिकामी झाली त्याची पावती सोसायटीला मिळावी.