अकीकची अंगठी आणि इमाम जामिनचा रुपया

हज-उमरा करून किंवा इराक-इराणची जियारत करून परतलेल्या माणसाच्या सामानात खजूर, जमजम आणि तस्बीह यांच्याबरोबर अकीक-फिरोजाच्या चार-दोन अंगठ्या पुष्कळदा असतात. बरकत होईल, असे म्हणत त्या आप्तेष्टांत वाटल्या जातात आणि घेणाराही अदबीने घेतो. आपल्यात कोणी याला सुन्नत म्हणतो, कोणी शिर्क. हा वाद जुनाच आहे. मात्र वाद घालताना या दगडांचा इतिहास आपण फारसा पाहत नाही. तो पाहिला तर वादाचा रोखच बदलतो.

सुरुवात पैगंबर (स.) यांच्या अंगठीपासूनच करू. परदेशच्या राजांना पत्रे पाठवायची होती आणि मोहोर नसलेले पत्र ते स्वीकारत नाहीत असे कळले, म्हणून चांदीची अंगठी घडवण्यात आली, असे हदीसग्रंथ सांगतात. तिच्यावर ‘मुहम्मद रसूल अल्लाह’ हे शब्द कोरले होते. एका रिवायतीत तिचा खडा ‘हबशी’ होता असा उल्लेख आहे. काही भाष्यकारांनी त्याचा अर्थ अकीक असा लावला. पुढे ती अंगठी पहिल्या खलीफांकडे आली आणि हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळात अरीस नावाच्या विहिरीत पडली. पुष्कळ शोधूनही ती सापडली नाही. म्हणजे या अंगठीचे मूळ काम मोहोर उमटवण्याचे होते. खुद्द हजरे अस्वदसमोर उभे राहून हजरत उमर (रजि.) यांनी तू केवळ एक दगड आहेस, तुझ्या हाती नफा नाही की नुकसान नाही, अशा अर्थाचे उद्गार काढले. यापेक्षा स्पष्ट भूमिका कोणती असणार?

तरीही राजदरबारांत रत्नांचा शकुन चालूच राहिला. १६२१ साली इराणच्या शाह अब्बासने जहांगीर बादशहाला एक लाल भेट पाठवला. त्यावर तैमूरचा नातू उलुग बेग याचे नाव कोरलेले होते. शाह अब्बासने त्यावर आपले नाव घातले होतेच. पूर्वजांची नावे असलेला हा दगड जहांगीरने शुभ मानला, स्वतःचे नावही त्यावर कोरवून घेतले आणि दख्खनच्या विजयाची बातमी येताच तो शाहजादा खुर्रमकडे पाठवून दिला. जहांगीरने आपल्या आठवणींत हे सारे नोंदवले आहे. गंमत अशी की, १६२२ मध्ये याच खुर्रमने बापाविरुद्ध बंड पुकारले. शुभ दगडाने बाप-लेकाचे नाते काही राखले नाही.

हाच खुर्रम पुढे शाहजहान झाला. जून १६३१ मध्ये बुऱ्हाणपुरात मुमताज महल वारली. त्यानंतर सुरू झालेल्या हिजरी १०४१ या वर्षाची नोंद असलेले त्याचे पांढऱ्या यशबचे पदक आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. अशा पदकाला ‘हौलदिली’ म्हणत. ते छातीवर बाळगले की काळजाची धडधड शमते, अशी समजूत होती. ज्याच्या खजिन्यात जगातली उत्तमोत्तम रत्ने होती, त्यालाही काळजासाठी दगडाचा आधार घ्यावा लागला.

सामान्य माणसाकडे लाल नव्हता, यशब नव्हता. त्याने एका नाण्यावर काम भागवले. प्रवासाला निघणाऱ्याच्या उजव्या दंडावर कापडात शिवलेले नाणे बांधायचे, हा इमाम जामिन. दख्खनमध्ये शिया-सुन्नी दोन्ही घरांत ही रीत आहे. तिचा संबंध इमाम अली रजा यांच्याशी जोडतात. अब्बासी खलीफा मामूनने ८१७ साली त्यांना वारस नेमले आणि त्यांच्या नावाची नाणी पाडली गेली. प्रवासी ती जवळ बाळगत, असे परंपरा सांगते. या रितीतला शेवटचा भाग सर्वांत मोलाचा आहे. माणूस सुखरूप पोचला की ते नाणे गरिबाला द्यायचे. म्हणजे प्रवासी सारा वेळ दंडावर दुसऱ्याचा हक्क बांधून फिरत असतो. दुवा आईची आणि पैसा मोहताजाचा, असा हा तोडगा आहे.

आता पुन्हा अकीककडे वळू. आपल्याकडे येणारा बराचसा अकीक गुजरातेतल्या खंभातचा. कच्चा दगड भरूच जिल्ह्यातील रतनपूरच्या खाणींतून निघतो. तिथल्या टेकडीवर बाबा घोर या हबशी संताची दर्गाह आहे आणि सिद्दी समाज त्यांना आपला पीर मानतो. हा धंदा हडप्पाकाळापासूनचा. लोथलला मण्यांचा कारखाना सापडला आणि सिंधू संस्कृतीतले लांब लाल मणी इराकमधील उरच्या राजघराण्याच्या कबरींत मिळाले. दगड मडक्यांत घालून शेणाच्या गोवऱ्यांच्या विस्तवात भाजतात, तेव्हा त्यातल्या लोहामुळे त्याला लाल रंग चढतो.

मग तो घासावा लागतो. अकीक म्हणजे जवळजवळ सगळी सिलिका. चाकावर घासताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही. त्यात क्षयाचा धोकाही वाढतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंभातच्या या कारागिरांची पाहणी करून हे दाखवून दिले आहे. काम घरातच चालत असल्याने बायका-मुलांच्या श्वासातही तीच धूळ जाते. धूळ ओढून घेणारी यंत्रणा बसवली तर धोका कमी होतो. पण तिचा खर्च नगावर मजुरी मिळवणाऱ्याने कुठून करायचा?

आपण ज्या दगडाला आरोग्य आणि बरकत चिकटवतो, तो चकचकीत करणाऱ्याचा दम असा तुटतो. सुन्नत की शिर्क, हे उलेमा ठरवतील. आपल्यापुढचा सवाल साधा आहे. भेट देणे ही मोहब्बतीची रीत आहे, ती राहावी. मात्र अकीकच्या अंगठीलाही इमाम जामिनचा नियम लागू करायला काय हरकत आहे? अंगठी घेताना ती कुठे आणि कशी घासली गेली हे व्यापाऱ्याला विचारावे. धूळ आवरणाऱ्या कारखान्याच्या मालासाठी चार पैसे जास्त मोजावेत. जकात-सदक्याचा एक वाटा खंभातच्या त्या वस्त्यांकडेही वळवावा. दगडाच्या हाती नफा-नुकसान नाही. आपल्या हाती मात्र थोडे आहे.