नांगर, खबर आणि टिचकी

बोलणाऱ्याची मातीही खपते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते, असे आपण सहज म्हणून जातो. पण नुसते बोलून माल खपतो का? याचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. आपल्याच मुलखात ते सापडते.

१९०३ च्या सुमारास बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला. नांगर उत्तम होता. पण लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज! पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. पुढे १९१० साली औंध संस्थानात, कुंडलजवळच्या ३२ एकर माळावर किर्लोस्करवाडी वसली. संस्थान विलीन झाल्यावर ही वाडी साताऱ्याकडे आली, १९४९ त दक्षिण सातारा जिल्ह्यात गेली आणि १९६० पासून तो जिल्हा सांगली म्हणून ओळखला जाऊ लागला. म्हणजे सातारकर आणि सांगलीकर, दोघांनीही हिच्यावर हक्क सांगावा!

या वाडीतून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. हेतू कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवण्याचा. शंकरराव मूळचे चित्रकार. त्यांना एक गोष्ट पक्की उमगली होती. नुसती जाहिरात कोण हौसेने वाचतो? आधी वाचकाच्या उपयोगाचे काही द्यावे, मग आपले सांगावे. त्या पत्रकाचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० त ‘स्त्री’ आणि १९३४ त ‘मनोहर’ निघाले.

त्याच काळात अमेरिकेत क्लॉड हॉपकिन्स जाहिरातीचा हिशेब मांडत होता. जाहिरातीत कापून पाठवायचे कुपन छापायचे, प्रत्येक वर्तमानपत्रासाठी त्यावर निराळी खूण ठेवायची आणि परत आलेली कुपने मोजायची. १९२३ साली त्याने यावर पुस्तकच लिहिले.

आता कुपनाची जागा बोटाच्या टिचकीने घेतली आहे. ऑक्टोबर १९९४ मध्ये एका अमेरिकन संकेतस्थळावर जाहिरातीची पट्टी झळकली. पाहणाऱ्या शंभरांतल्या ४४ जणांनी तिच्यावर टिचकी मारली, असे सांगतात. ते नवलाईचे दिवस होते. आज अशा पट्टीला शंभरात एकही टिचकी मिळत नाही, असे नेहमी घडते. जाहिरात जितक्या वेळा दिसली, त्यांतल्या शेकडा किती वेळा टिचकी पडली, या प्रमाणाला ‘क्लिक-थ्रू रेट’ म्हणतात.

समजा, सांगलीच्या एका हळदवाल्याने आपली जाहिरात हजार वेळा दाखवली. वीस टिचक्या पडल्या. म्हणजे प्रमाण शेकडा २. दोघांनी हळद घेतली. आता त्याने ‘हळद निम्म्या किमतीत’ असे खोटेच लिहिले, तर टिचक्या शंभर होतील, प्रमाण शेकडा १० वर जाईल. पण आत गेल्यावर किंमत तीच! शंभरातले बहुतेक चरफडत माघारी फिरतील. टिचकीमागे पैसे मोजायचे ठरले असतील, तर खर्च पाचपट आणि गिऱ्हाइके तेवढीच. वर नाव गेले ते वेगळेच. नुसत्या प्रमाणाला भुलायचे नाही, ते यासाठी.

मग प्रमाण वाढवायचे तरी कसे? ज्यांना गरज आहे त्यांनाच जाहिरात दाखवावी. मालाचा नेमका गुण पहिल्याच ओळीत सांगावा. दोन मजकूर एकाच वेळी चालवून पाहावेत. मात्र दोहोंत फरक एकाच गोष्टीचा ठेवावा, म्हणजे कशामुळे दाद मिळाली ते कळते. आणि बाहेर जे वचन दिले, तेच आतल्या पानावर पाळावे.

आज साताऱ्याचा स्ट्रॉबेरीवाला शेतकरी किंवा सांगलीचा बेदाणेवाला पदरचे पैसे खर्चून अशी जाहिरात करतो. दाद मिळाली नाही की त्याला वाटते, मालच वाईट. तसे नसते, मंडळी. लक्ष्मणरावांचा नांगर ती दोन वर्षे चांगलाच होता. शेतकऱ्याच्या मनातली शंका तेवढी शिल्लक होती. ती ओळखणे हे जाहिरातीचे अर्धे काम. उरलेले अर्धे जाहिरात करू शकत नाही. ते शेतात, नांगरानेच करायचे असते.